पोराला एरागड्ड्याला आणायच्या आधी

हैदराबादचं एरागड्ड्याचं मेंटल हॉस्पिटल मुळात आपल्या जालन्यात होतं, हे किती जणांना ठाऊक आहे? निजामाच्या राज्यातला हा दवाखाना 1953 ला जालन्याहून हैदराबादला हलवला. पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आला, दवाखाना तिकडंच राहिला. आज हैदराबादेत कुणाची टिंगल करायची तर 'एरागड्ड्याला नेऊ का' म्हणतात.

मी इथं नोकरीला आहे. गाव देगलूर तालुक्यात. महिन्या-दोन महिन्याला गावाकडून कुणाचा तरी फोन येतोच. पोरगं शाळेत जात नाही, रोज पोट दुखतं म्हणतं, रात्री दचकून उठतं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करतं. देवाधर्माचं सगळं करून झालेलं असतं. मग विचारतात, 'हैदराबादला दाखवावं का रे?'

माझं म्हणणं, आधी गावच्या आरोग्य केंद्रात दाखवा. आणि तिथं कुणी विचारत नसेल तर भांडण तिथं करा.

हैदराबाद आम्हाला नांदेडपेक्षा दुपटीनं लांब. बापाची दोन दिवसांची मजुरी बुडते. ते पण सोसतील लोक. पण पोराच्या मनाचा आजार एक्स-रेत दिसत नाही, बोलण्यातून कळतो. सात वर्षाचं पोर मराठीत गप्प बसतंय, ते तेलुगूत काय बोलणार? मोठ्या दवाखान्यात आईनं तोडक्यामोडक्या हिंदीत सांगायचं, डॉक्टरनं अंदाजानं समजून घ्यायचं, असं मी शेजारी बसून पाहिलंय. एका वाक्याचं तीन भाषांतून जाता जाता काय उरतं ते विचारू नका.

आता कायदा बघा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 18 मध्ये स्पष्ट लिहिलंय की ही सेवा प्राथमिक पातळीपासून द्यायची, लहान मुलांसाठी वेगळी सोय करायची, आणि उपचारासाठी माणसाला लांब जावं लागू नये. कागदावर यापेक्षा जास्त काय मागणार?

योजना पण आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 ला आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. त्याच्या तपासणी यादीत वाढीतला विलंब, ऑटिझम, शिकण्यातली अडचण, अतिचंचलता सगळं आहे. पण दात, डोळे, वजन यातच दिवस सरतो. वर्गभर पोरांना एका दुपारी तपासणाऱ्या डॉक्टरला, मागच्या बाकावरचं पोर का बोलत नाही हे कसं कळणार? यात त्या डॉक्टरचा दोष मी कमी मानतो.

दुसरी गंमत. आशाताई घरोघरी जो फॉर्म भरतात त्यात उदासीबद्दल दोन प्रश्न आहेत. चांगलं आहे. पण तो फॉर्म 30 वर्षांवरच्यांसाठी! जागतिक आरोग्य संघटना सांगते की निम्मे मानसिक आजार 14 वर्षांच्या आत सुरू होतात. आणि आपण विचारणार तिशीत.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या 7.3 टक्के मुलामुलींना मानसिक आजार आढळला. म्हणजे 40 पोरांच्या वर्गात जवळपास तिघं. तुमच्या वर्गातले ते तिघं कोण होते, आठवून बघा. आम्ही त्यांना येडं, मंद, नाटकी म्हणत होतो.

यावर 'खेड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणायचे कुठून' हा ठरलेला प्रश्न येतो. प्रत्येक गावात तज्ज्ञ लागतोच असं नाही. गोव्यात 'संगथ' संस्थेनं साध्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांना प्राथमिक आरोग्य केंद्रात बसवलं. मोठ्यांच्या नैराश्यावर सरकारी केंद्रांत त्याचा फायदा दिसला, ते 2010 मध्ये छापूनही आलं. नंतर बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या शाळांत तसाच प्रयोग झाला. तिथं समुपदेशक असलेल्या शाळांत मुलांची उदासी कमी झाली, पण तेच काम शिक्षकांवर टाकलं तिथं फरक पडला नाही. म्हणून 'गुरुजीच बघतील' हे उत्तर कुणी दिलं तर मान्य करू नका. त्यांच्या डोक्यावर आधीच कमी कामं आहेत का?

बारावी शिकलेली, पोरांच्या बोलीत बोलणारी एक ताई, आठवड्यातून एक ठरलेला दिवस, दार लावता येईल अशी एक खोली. वर विचारायला जिल्ह्याचा तज्ज्ञ. झटके येणारं, जिवाचं बरंवाईट बोलणारं पोर त्याच दिवशी वर पाठवायचं, बाकीच्यांचं तिथंच ऐकून घ्यायचं आणि पुढच्या आठवड्यात परत बोलवायचं.

तुम्ही गावात असाल तर येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचारा. जिल्हा मानसिक आरोग्य पथक आपल्या ग्रामीण रुग्णालयात कोणत्या वारी येतं? मैत्री क्लिनिकचा समुपदेशक आपल्या शाळेत शेवटचा कधी आला? बाल स्वास्थ्य पथकानं यंदा किती पोरांना बोलण्या-शिकण्याच्या अडचणीसाठी पुढं पाठवलं? उत्तर लेखी घ्या.

तोवर 14416 हा टेली-मानसचा फुकट नंबर घरात लिहून ठेवा. कधीही लावा, भाषा निवडता येते.

मदनूर, जुक्कल, आदिलाबादकडच्या आपल्या मराठी पोरांचं काय, ते मात्र या तीन प्रश्नांत बसत नाही. तिथलं पथक तेलंगणाचं. त्यांचे प्रश्न त्यांच्या मंडलात विचारावे लागतील, आणि मराठी बोलणारा समुपदेशक ही त्यांची पहिली मागणी असावी. तिकडचं कुणी वाचत असेल तर खाली लिहा, अर्ज मिळून करू.