सह्या दोघांच्या, मग जबाब कोणीच का देत नाही?



१९९९ साली निवडणूक आली. लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही एकदम. आसनगाव स्टेशनापासून डोळखांब, टोकावड्याच्या पाड्यांपर्यंत जीपगाड्या धावायला लागल्या. मत मागायला येईल त्याला आम्ही एकच विचारतो: आमच्या फॉरेस्ट प्लॉटांचं काय झालं? आमदार म्हणतो, ते दिल्लीच्या हातात. खासदार म्हणतो, सरकारचा कायदाच तसा आहे. कचेरीतला साहेब म्हणतो, राष्ट्रपतींच्या सहीचा कायदा, आम्ही काय करणार? आणि राष्ट्रपती म्हणजे नुसता शिक्का, असं सगळेच सांगतात. म्हणजे कायदा झाला, पण केला कोणीच नाही! आभाळातून पडला काय?

तो कसा झाला ते नीट ऐका. २५ ऑक्टोबर १९८० ही तारीख आपल्या म्हाताऱ्यांनाही पाठ आहे. त्याआधी जमीन कसत होतात का, दंडाची पावती दाखवा, असं फॉरेस्टवाला विचारायचा. ही तारीख आली कुठून? तेव्हा संसदेचं अधिवेशन चालू नव्हतं. इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळाने सल्ला दिला आणि राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी वन संवर्धनाचा वटहुकूम काढला. दिल्लीच्या मंजुरीशिवाय राज्याने वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची नाही, असा तो हुकूम. महाराष्ट्र सरकारने १९७८ साली जुनी अतिक्रमणं कायम करायचं ठरवलं होतं. ते काम या हुकुमात अडकलं.

पण वटहुकूम कायमचा नसतो. संसद भरली की तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा लागतो. सहा आठवड्यांत त्याचा कायदा केला नाही तर तो आपोआप मरतो. म्हणजे चावी खासदारांच्या हातात होती. आधीपासून कसणाऱ्यांचं काय, हे कायद्यातच लिहून घेता आलं असतं. ते लिहिलं नाही. डिसेंबर १९८० मध्ये खासदारांनी कायदा मंजूर केला आणि राष्ट्रपतींनी त्यावर पुन्हा सही केली. सही राष्ट्रपतींची, मंजुरी खासदारांची. दोघेही जबाबदार.

जंगल राखायला आमचा विरोध नाही. जंगल गेलं तर आधी आमची चूल विझते. पण ठेकेदाराच्या कुऱ्हाडीचा राग नाचणी-वरईच्या तुकड्यावर का काढता, हा आमचा सवाल आहे.

आता त्या शिक्क्याबद्दल. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालायचं, ही गोष्ट खरी. पण घटनेने त्यांना एक अधिकार दिला आहे. मंत्रिमंडळाचा सल्ला ते एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात. पैशाचं नसलेलं साधं विधेयकही एकदा परत पाठवू शकतात. पुन्हा तेच आलं तर मात्र सही करावी लागते. कोणी म्हणेल, मग उपयोग काय? उपयोग असा की खासदारांना सगळ्यांसमोर दुसऱ्यांदा हात वर करावा लागतो. मग कोणालाही म्हणता येत नाही की आम्हाला माहीतच नव्हतं.

आणि हे घडलेलं आहे. लोकांची पत्रं फोडायचा अधिकार देणाऱ्या टपाल विधेयकावर झैलसिंग यांनी सहीच केली नाही. सप्टेंबर १९९८ मध्ये बिहारचं सरकार काढायचा सल्ला नारायणन यांनी परत पाठवला. पत्रासाठी हात थांबतो, सरकारसाठी थांबतो. मग आदिवासीच्या जमिनीसाठी का थांबू नये?

हेच राज्यातही. पाचव्या अनुसूचीत लिहिलंय की एखादा कायदा अनुसूचित क्षेत्राला लागू नाही, किंवा बदल करून लागू आहे, असा हुकूम राज्यपाल काढू शकतात. तिथल्या कारभाराचा अहवाल त्यांनी दरवर्षी राष्ट्रपतींना द्यायचा. शिवाय आदिवासी सल्लागार परिषद आहे. तिच्यात तीन चतुर्थांश जागा आदिवासी आमदारांच्या. म्हणजे आपलीच माणसं! शहापूर-मुरबाडची कितीतरी गावं या अनुसूचीत आहेत. १९९९ पर्यंत वनजमिनीबद्दल असा हुकूम आमच्या पाड्यावर आला नव्हता. राज्यपालांनी काढला नाही म्हणावं, तर आमदारांनी तरी मागितला होता का?

म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. एका बैलाने दुसऱ्याकडे बोट दाखवून जू टाकायचं नाही. नांगर दोघांनी मिळून ओढलाय, नांगरली आमची जमीन.

गावोगावी बैठक घ्या. एकच अर्ज लिहा: आमच्या प्लॉटांचा निकाल लावा. त्याच्या चार प्रती काढा. राष्ट्रपती, राज्यपाल, खासदार, आमदार, चौघांना पाठवा. बाकीच्या तिघांनाही हाच अर्ज दिलाय, असं प्रत्येक प्रतीवर लिहा. पोच जपून ठेवा, दंडाच्या पावतीसारखी.

आणि जीपगाडी पाड्यावर आली की उमेदवाराला आधी घोंगडीवर बसवा, पाणी द्या. मग विचारा: संसदेत, विधानसभेत आमच्या जमिनीचा विषय निघेल तेव्हा तुमचा हात वर असेल की खाली? "वरचे बघतील" हे उत्तर चालणार नाही. वर पाठवणारे आपणच आहोत.

कसेल त्याची जमीन, राखेल त्याचं जंगल! जिंदाबाद!