मारवाडचा प्रवास सूर्याच्या हिशेबाने

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपतो. चार महिने एका ठिकाणी स्थिरावलेले साधु-साध्वी विहाराला निघतात आणि जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील व्यापारी घरांतही प्रवासाची बोलणी सुरू होतात. लाभपंचमीला नव्या वह्या उघडलेल्या असतात, दिवाळीची गर्दी ओसरलेली असते आणि कर्त्या माणसाला दोन आठवडे दुकान धाकट्या भावावर सोपवून निघता येईल, असा अवकाश वर्षात बहुधा याच वेळी मिळतो. कापड आणि सराफीच्या दुकानांची गोष्ट निराळी. तुळशीचे लग्न लागले की त्यांची लग्नसराई सुरू होते; त्यांनी विवाहमुहूर्त पाहूनच तारखा ठरवाव्यात.

या दिवसांत अनेक घरांतील वडीलधाऱ्यांना ‘देस’ आठवतो. पणजोबा-खापरपणजोबा मारवाडातून इकडे आले, इथल्या मातीत रुजले. नातवंडांनी ते मूळ गाव पाहिलेलेही नसते. मग बेत ठरतो. स्वतःच्या गाडीने अबूचा पर्वत, कुंभलगडचे अरण्य आणि जैसलमेरचे वाळवंट पाहायचे, वाटेवरची तीर्थे करायची आणि जमल्यास पूर्वजांच्या गावी एक दिवस काढायचा. बेत उत्तम असतो. तो बिघडतो आखणीत.

नेहमीची आखणी अशी असते: एका कागदावर अठरा-वीस ठिकाणांची नावे, हाताशी नऊ दिवस, आणि अंतर रात्रीतून कापले की दिवस दर्शनाला मोकळा मिळेल हा हिशेब. संध्याकाळी आळेफाटा सोडायचा आणि पहाटे अहमदाबादेत अंघोळी उरकायच्या. कागदावर ही बेरीज जुळते. प्रत्यक्षात तिसऱ्या दिवशी चालकाचे डोळे मिटू लागतात, आजीचे पाय सुजतात, आणि कुंभलगडचे जंगल काचेबाहेरच्या काळोखात कधी मागे पडले हे कोणालाच कळत नाही. घरी परतल्यावर ठिकाणांची संख्या सांगता येते, ठिकाणे आठवत नाहीत.

त्यापेक्षा हा प्रवास सूर्याच्या हिशेबाने मांडून पाहावा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जुन्नरला सूर्योदय सुमारे ६ वाजून ५५ मिनिटांनी आणि सूर्यास्त ५ वाजून ५५ मिनिटांनी होतो. जैसलमेर आपल्या वायव्येला आहे. देशभर घड्याळ एकच असल्याने तेथे सूर्य सुमारे ७ वाजून २० मिनिटांनी उगवतो, मावळतो मात्र जवळपास आपल्याच वेळी. म्हणजे आपल्या सवयीच्या दिवसातून सकाळचा जवळजवळ अर्धा तास तेथे वजा होतो. नवकारशी पाळणाऱ्या घरात सूर्योदयानंतर दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटे, तोंडात काही पडत नाही. जैसलमेरला न्याहारी आठ वाजून गेल्यावरच. चौविहार असेल तर संध्याकाळी सव्वापाचला पाने मांडली गेली पाहिजेत. मध्ये उरले नऊ तास. त्यांतून दुपारचे जेवण व विसावा दीड तास, दर्शन किंवा वनभ्रमंती तीन तास, एवढे वजा जाता गाडी चालवण्यास साडेचार तास राहतात. ताशी पंचावन्न किलोमीटरची सरासरी धरली तर दिवसाला अडीचशे किलोमीटर. केवळ मजल मारायची असेल अशा दिवशी साडेतीनशेच्या पुढे थोडे. याहून मोठा आकडा कागदावर दिसला की तो रात्रीच्या खात्यातून उसना घेतला आहे असे समजावे.

काळोख टाळण्याची कारणे जुन्नर-आंबेगावच्या माणसाला फार समजावून सांगावी लागत नाहीत. दिवस मावळल्यावर उसाच्या कडेने एकट्याने जाऊ नये हे इथले लहान मूलही जाणते. माणिकडोहचे बिबट निवारा केंद्र तर जुन्नरच्या वेशीशीच आहे. मारवाडात ऊस नाही, पण सांजवेळी रस्त्यावर नीलगाय येते, उंट येतो, मोकाट गुरे बसलेली असतात. समोरच्या गाडीच्या झोतात काळी म्हैस शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. त्याहून मोठे कारण दुसरेच आहे. हेच आठवडे विहाराचे. गुजरात-राजस्थानच्या हमरस्त्यांवर भल्या सकाळी धूसर उजेडात साधु-साध्वींचे लहान लहान समूह कडेने चालत असतात. विहारातील अपघातांच्या बातम्या या समाजाने अनेकदा वाचल्या आहेत. रात्रभर जागलेल्या चालकाची गाडी नेमकी त्याच वेळी त्याच रस्त्यावर असते, हा विचार आखणी करताना मनात असू द्यावा.

आता मार्ग. नारायणगावहून संगमनेर, सिन्नर, नाशिक आणि तेथून पेठ-धरमपूरच्या घाटाने गुजरातेत उतरावे. सुरतपर्यंत पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास होतात. पहिल्या दिवशी उत्साह असतो म्हणून ते चालते. वृद्ध सोबत असतील तर वलसाडलाच थांबावे. माळशेज उतरून कल्याणमार्गेही जाता येते, पण भिवंडीच्या अवजड वाहनांत सापडल्यावर वेळेचा भरवसा राहत नाही. दुसरी मजल अहमदाबाद, तिसरी अबू. या तीन दिवसांत पाहण्याची हौस आवरावी.

अबूला दोन रात्री हव्यात. अबूरोडपासूनचा चढ सुमारे अठ्ठावीस किलोमीटरचा. माळशेज आणि भीमाशंकरची वळणे अंगवळणी पडलेल्यांना त्यात नवल नाही. देलवाड्याची विमलवसही १०३१ सालची आणि लूणवसही १२३० सालची, हे बहुतेक वाचकांना ठाऊक असते. जैनेतर पर्यटकांना मंदिर दुपारी बारानंतर खुले होते, म्हणून आपले दर्शन सकाळी निवांत होते. फारसे कोणाच्या लक्षात येत नाही ते मंदिराभोवतीचे जंगल. १९६० सालापासून ते अभयारण्य आहे. त्यात अस्वले आहेत आणि रात्री ती वस्तीपर्यंतही येतात. अरवलीचे सर्वोच्च शिखर, १,७२२ मीटर उंचीचे गुरुशिखर, याच डोंगरावर आहे. तेथे पहाटे थंडी हाडांत शिरते. लोकरीचे कपडे डिकीच्या तळाशी न ठेवता वरच ठेवावेत.

अबूहून राणकपूर सुमारे १६५ किलोमीटर. वाटेत जवाई धरणाच्या परिसरात खडकाळ टेकड्यांवरचे बिबटे दाखवणाऱ्या गाड्या मिळतात. जुन्नरच्या माणसाने पैसे मोजून बिबट्या पाहायला जावे हा एक विनोदच. तरी तेथील रबारी गुराखी आणि बिबटे एकाच टेकडीवर कसे नांदतात, हे पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे उसात वाढलेल्या बिबट्याचा प्रश्न त्याने सुटत नाही, पण प्रश्न विचारण्याची रीत बदलते. राणकपूरच्या १,४४४ खांबांविषयी लिहिण्यासारखे नवे काही नाही. मंदिराला वेढणारे कुंभलगड अभयारण्य मात्र बहुतेक यात्रेकरू पाहतच नाहीत. सुमारे सहाशे चौरस किलोमीटरच्या या अरण्यात लांडगा, अस्वल, चौशिंगा आहेत. सकाळी वन विभागाच्या परवानगीने जीपमधून दोन-तीन तास फिरून यावे, दुपारी भोजनशाळा आणि मग दर्शन. एका दिवसात यापेक्षा अधिक काही घालू नये.

जोधपूरला बाजार आहे, तेव्हा तेथील मुक्काम आपोआप लांबतो. तो लांबू देऊ नये. ओसियांमार्गे फलोदीकडे निघावे, कारण या प्रवासातले व्यापारी कुटुंबांनी चुकवू नये असे ठिकाण तेथे आहे. फलोदीजवळच्या खीचन गावात सप्टेंबरपासून मार्चपर्यंत हजारो कुरजा उतरतात. करकोच्याच्या जातीचे हे पक्षी मध्य आशिया आणि मंगोलियाच्या गवताळ प्रदेशांतून, हिमालयाची रांग ओलांडून येतात. त्यांना रोज धान्य टाकण्याची प्रथा येथील जैन कुटुंबांनी सुरू केली. त्यासाठी गावाच्या कडेला कुंपण घातलेले चुग्गाघर आहे. व्यापारासाठी दूरच्या शहरांत गेलेले गावकरीही धान्याचे पैसे पाठवत राहिले. २०२५ साली रामसर करारातील पाणथळ जागांच्या यादीत खीचनचे नाव आले. ज्या गावाला कोणी मोठे राजवाडे वा किल्ले पाहायला येत नाही, त्याचे नाव ज्वारीच्या पोत्यांनी जगभर नेले. पक्षी सकाळी उतरतात, म्हणून आदल्या रात्री फलोदीतच राहावे. गच्चीवरून पाहताना मुलांना मोठ्याने बोलू देऊ नये आणि भडक रंगाचे कपडे घालू नयेत.

फलोदीहून रामदेवरा, पोकरण करीत जैसलमेर गाठले की वाळवंट. येथे बहुतेकांची निराशा होते, कारण अपेक्षाच चुकीची असते. वाळूच्या टेकड्या सम गावाजवळ आहेत. उंटाची सवारी, गाणी-बजावणी सारे तेथेच. डेझर्ट राष्ट्रीय उद्यान म्हणजे केवळ त्या टेकड्या नव्हेत. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटरवर पसरलेला हा सेवण गवताचा, खेजडी आणि कैराचा उघडा माळ आहे. १९८० साली त्याला संरक्षण मिळाले. आत गावे आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत. प्रवेशाची परवानगी जैसलमेरच्या वन कार्यालयातून आधीच काढावी लागते. चिंकारा सहज दिसते. माळढोक दिसला तर भाग्य.

माळढोकाचे नाव महाराष्ट्राला परके नाही. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली त्याच्यासाठी अभयारण्य झाले. आज तेथे तो दिसणे दुरापास्त आहे. जगात उरलेल्या, दीडशेच्या आत-बाहेर असलेल्या माळढोकांपैकी बहुतेक जैसलमेरच्या या माळावर आहेत. मीटरभर उंचीचा हा पक्षी वर्षाला बहुधा एकच अंडे घालतो. त्याची दृष्टी दोन्ही बाजूंना चांगली, समोर अधू. उडताना विजेच्या तारा त्याला वेळेत दिसत नाहीत. त्या तारा पवनचक्क्या आणि सौर प्रकल्पांची वीज वाहून नेतात. एप्रिल २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या प्रदेशातील तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. मार्च २०२४ मध्ये खर्चाचा आणि तांत्रिक अडचणींचा विचार करून तो बदलला व तज्ज्ञ समिती नेमली. स्वच्छ विजेच्या कंपन्यांचे समभाग अनेक घरांच्या गुंतवणुकीत आहेत आणि त्यात वावगे काही नाही. पोकरणच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी क्षितिजापर्यंत पवनचक्क्या दिसू लागल्या की मुले विचारतील. उत्तर देताना दोन्ही बाजू सांगाव्यात. जैसलमेरचा किल्ला, त्यातील मंदिरे आणि ग्रंथभांडार, तसेच लोद्रवा, यांना दुसरा दिवस द्यावा. बाडमेर रस्त्यावरील अकल येथे दगड झालेली वृक्षांची खोडे आहेत, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीची. ती परतताना पाहता येतात.

परतीला बाडमेर, सांचोर, अहमदाबाद हा मार्ग सोयीचा. येऊन-जाऊन २,७०० ते २,८०० किलोमीटर होतात. वरच्या हिशेबाने यास चौदा दिवस लागतात. त्यात एक दिवस राखीव घालून पंधरा धरावेत. बँकेत रोख शिलकीचे जे स्थान, ते प्रवासात या राखीव दिवसाचे. तो शेवटी ठेवला तर खर्च होत नाही आणि नातेवाइकांकडे जेवणात संपतो. जोधपूर किंवा जैसलमेरला ठेवावा. टायर फुटला, कोणाला ताप आला, पूर्वजांच्या गावी एखादे म्हातारे माणूस भेटले आणि उठवेना, तर तो तेथे उपयोगी पडतो.

पंधरा दिवस नाहीत, किंवा मुलांच्या शाळेला दहाच दिवस रजा मिळते, अशी अडचण बहुतेक घरांत असते. तेव्हा ठिकाणे कमी करावीत, रात्र उसनी घेऊ नये. पुण्याहून रेल्वेने जोधपूर गाठून तेथून भाड्याची गाडी केली तर जाण्या-येण्याचे चार दिवस वाचतात. त्यात खीचन आणि जैसलमेर नीट होते. अबू आणि कुंभलगड पुढच्या वर्षासाठी ठेवता येतात. डोंगर आणि मंदिरे दोन्ही आपापल्या जागी राहतील. सोबत येणारे आजोबा मात्र ऐंशीचे असतील तर त्यांना काय आधी पाहायचे आहे ते त्यांनाच विचारावे, आणि कागद त्यांच्यापासून लिहायला सुरुवात करावी.

धर्मशाळांची नोंद महिनाभर आधी करावी. भोजनशाळेच्या पेढीला माणसांची संख्या त्याच दिवशी दुपारपूर्वी फोनने कळवावी, कारण संध्याकाळची पंगत सूर्यास्तापूर्वी उठते आणि उशिरा पोहोचलेल्यांसाठी चूल पुन्हा पेटत नाही.