खुली संहिता की भिजत घोंगडे?

उत्तर-आधुनिकतावादाची परिभाषा हाताशी आल्यापासून समीक्षेला एक सोयीची सवय जडली आहे: जे जे अपुरे दिसेल त्याला ‘खुले’ म्हणायचे. अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्समधील अनिर्णित कथासूत्रांच्या चर्चेत या सवयीचा अतिरेक झालेला आढळतो. एखाद्या अंकात रहस्याचे सूतोवाच होते, वर्षानुवर्षे त्याचा उलगडा होत नाही, आणि समीक्षक त्यात अर्थाचे स्थगन, समारोपाला नकार, वाचकाचे सहनिर्मातेपण असे गुणविशेष शोधू लागतो. हे वाचन चुकीचे तर आहेच. शिवाय ज्या व्यवहारामुळे ही सूत्रे लोंबकळत राहतात त्या व्यवहारावर ते पांघरूण घालते.

या मांडणीला उंबेर्तो एको यांचा आधार घेतला जातो. वस्तुतः एकोंचे लेखन तिच्या विरोधात साक्ष देते. ‘खुल्या कलाकृती’ची संकल्पना मांडणारा त्यांचा ग्रंथ आणि सुपरमॅनच्या मिथकाचे विश्लेषण करणारा त्यांचा निबंध, दोन्ही १९६२ सालचे. एकाच वर्षी लिहूनही त्यांनी या दोहोंची गल्लत केली नाही. सुपरमॅनची प्रत्येक कथा मागील कथा जणू घडलीच नाही अशी सुरू होते, कारण अपरिवर्तनीय असे काही घडले तर नायक मृत्यूच्या दिशेने एक पाऊल सरकेल आणि माल संपेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. पुढे १९७९ च्या इंग्रजी संग्रहात हा निबंध त्यांनी ‘बंद’ संहितांच्या विभागात घातला. आजचे समीक्षक त्यांच्या पारिभाषिक संज्ञा घेतात. त्यांनी केलेला भेद मात्र सोडून देतात.

एकोंच्या निबंधानंतर या कथांचे रूप बदलले, हा आक्षेप रास्त आहे. १९६१ पासून मार्व्हलने आपल्या मालिका एका सलग कालपटात ओवायला आरंभ केला. मागील अंकातील घटनेचे पडसाद पुढील अंकात उमटू लागले. अनिर्णित सूत्राचा जन्म या सातत्यातूनच झाला. परंतु सातत्य कथेला मिळाले, कथाकाराला नव्हे. पात्रांची मालकी प्रकाशनसंस्थेकडे, लेखक नेमणुकीवरचा, आणि अंक दरमहा निघालाच पाहिजे, अशी ही व्यवस्था होती. नाट्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर बीज टाकणारा एक, आणि निर्वहणाचा अधिकार दुसऱ्याच्या हाती.

‘ओमेगा द अननोन’ ही मालिका या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. स्टीव्ह गर्बर आणि मेरी स्क्रीनिस यांनी १९७६ साली ती सुरू केली. परग्रहावरचा एक जवळजवळ मूक नायक आणि न्यूयॉर्कमधला एक बारा वर्षांचा मुलगा यांच्यात कसले नाते आहे, हा तिचा मूळ प्रश्न. १९७७ साली दहाव्या अंकात पोलिसांच्या गोळ्यांनी नायक कोसळतो, आणि मालिका बंद होते. वाचकांना दिलेले उत्तराचे आश्वासन १९७९ साली ‘द डिफेंडर्स’ या वेगळ्याच मालिकेच्या दोन अंकांत पुरे करण्यात आले. ते लिहिले स्टीव्हन ग्रँट यांनी. गर्बर २००८ साली निवर्तले. त्यांच्या मनातला शेवट छापला गेला नाही. इथे ‘समारोपाला नकार’ कोणी दिला? लेखकांना समारोप करायचा होता. तो करण्याची जागाच त्यांच्याकडून गेली.

अपूर्णता साहित्याला नवी नाही. चार्ल्स डिकन्स १८७० साली वारले तेव्हा ‘एडविन ड्रूड’चे नियोजित बारापैकी सहाच हप्ते लिहून झाले होते. पण तिथे लेखक थांबला आणि कथा थांबली. सुपरहिरो कॉमिक्समध्ये लेखक जातो आणि कथा चालूच राहते. पहिली अपूर्णता मृत्यूची आहे, दुसरी मालकीची. दोहोंना ‘रिक्त जागा’ या एकाच नावाने संबोधणे म्हणजे सिद्धान्ताच्या नावाखाली इतिहास पुसणे होय.

सूत्रे पुढे सुटतात तीदेखील याच न्यायाने. हॉबगॉब्लिन हा मुखवटाधारी खलनायक रॉजर स्टर्न यांनी १९८३ साली निर्माण केला आणि त्याची ओळख उघड करण्यापूर्वीच मालिका सोडली. १९८७ साली इतरांनी तो नेड लीड्स असल्याचे ठरवले. १९९७ साली स्वतः स्टर्न परत आले व त्यांनी रॉडरिक किंग्जलीचे नाव पुढे केले. नाइटक्रॉलरच्या जन्माचे घोंगडे तर त्याहून अधिक काळ भिजत राहिले. मिस्टिकशी त्याचे काही नाते असल्याची सूचना १९८१ सालची. मिस्टिक हीच पिता आणि तिची सहचरी डेस्टिनी ही माता, ही क्रिस क्लेअरमाँट यांची कल्पना त्या काळी छापली जाऊ शकली नाही. १९९४ साली मिस्टिक आई ठरली, २००३ साली अझाझेल बाप ठरला, आणि २०२३ साली दुसऱ्या लेखकाच्या हातून मूळ कल्पना अधिकृत झाली. या उत्तरांना अर्थबहुलता म्हणता येत नाही. प्रत्येक उत्तर आपापल्या वेळी एकमेव म्हणून जाहीर झाले होते, आणि प्रत्येक नवे उत्तर आधीचे रद्द करून आले.

यावर शेवटचा बचाव केला जातो तो परंपरेचा. अनेक हातांनी घडलेली, कधीच न संपणारी आख्याने मौखिक वाङ्मयात असतातच, मग कॉमिक्सला वेगळा न्याय का? कारण उघड आहे. एकच आख्यान दहा कीर्तनकार दहा प्रकारे रंगवतात, आणि कोणाचेही निरूपण दुसऱ्याचे रद्द करत नाही. आख्यानाला धनी नसतो. इथे हात अनेक असले तरी धनी एकच आहे, आणि कोणते कथन ‘खरे’ हे तोच ठरवतो. लोकपरंपरेचे नाव या व्यवस्थेला देणे हा लोकपरंपरेवरही अन्याय आहे.

वाचकाचा आनंद खोटा आहे, असा याचा अर्थ नव्हे. एका वाक्यावरून वर्षानुवर्षे तर्क लढवणारा, जुने अंक पुनःपुन्हा चाळणारा वाचक खरोखरच अर्थनिर्मिती करत असतो. पण त्याचे सर्जन संहितेच्या उदारतेचा पुरावा ठरत नाही. उपाशी माणसाच्या कल्पनाशक्तीचे श्रेय कोणी रिकाम्या ताटाला देत नाही. लोंबकळणाऱ्या सूत्रापुढे समीक्षेने प्रथम विचारायला हवे ते असे: हा धागा कोणी सोडला, कोणाच्या हातून सुटला, आणि तो पुन्हा उचलण्याचा हक्क कोणाकडे होता? या प्रश्नांना बगल देऊन अनिर्णिततेचे सौंदर्यशास्त्र रचणारी समीक्षा संहितेची बाजू घेत असल्याचा दावा करते. प्रत्यक्षात ती धन्याची बाजू घेत असते.