मत्राहच्या बाजारात आपला रुपया

मुलगा, भाऊ किंवा जावई मस्कतला आहे आणि त्याने घरच्यांना महिनाभरासाठी बोलावून घेतले आहे, असे कुटुंब आपल्या रत्नागिरी-रायगडकडच्या गावांत शोधावे लागत नाही. पाहुणे जातात, सुलतान काबूस मशीद पाहतात, मॉल फिरतात आणि खजूर, अत्तर, लोबान घेऊन परततात. सोबतची शाळकरी मुले मात्र चार दिवसांत कंटाळतात. अशा कुटुंबांना या वेळी जुन्या नाण्यांची वाट सुचवावीशी वाटते. यात खर्च थोडा आहे, आणि आपल्याच वाडवडिलांच्या कष्टाचा इतिहास हाताशी येतो.

रुपया तिथे कसा गेला?

आजच्या मुलांना खरे वाटणार नाही, पण एके काळी कुवेतपासून मस्कतपर्यंत भारतीय रुपयाच चालत असे. ओमानचा रियाल आज 1000 बैसांचा आहे. हा ‘बैसा’ म्हणजे आपला पैसाच. सुलतान फैसल बिन तुर्की यांच्या काळातील हिजरी 1315 चे तांब्याचे नाणे पाहा. त्यावर सुलतानांचे नाव आहे आणि किंमत पाव आणा आहे.

रुपया देऊन आखातात सोने घ्यायचे आणि ते चोरून भारतात आणायचे, हा धंदा स्वातंत्र्यानंतर फार वाढला. त्यात आपले परकीय चलन जाऊ लागले. म्हणून 1959 साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगांच्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी इंग्रजी ‘झेड’ अक्षर असे. त्याच सुमारास हज यात्रेकरूंसाठी 10 आणि 100 रुपयांच्या खास नोटा निघाल्या. त्यांवर इंग्रजीत ‘हज’ असे छापलेले होते. या नोटा भारतात चालत नसत. कुवेतने 1961 मध्ये स्वतःचा दिनार सुरू केला. 1966 च्या जूनमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाल्यावर इतरांनीही रुपया सोडला. ओमानने तो 1970 पर्यंत चालवला.

ज्यांचे आजोबा बोटीने हजला गेले, त्यांच्या खिशात कदाचित अशीच नोट असेल. घरातील जुन्या पेट्या, कुराण शरीफचे जुने गिलाफ, आजीचा बटवा एकदा नीट पाहा.

आधी पाहा, मग बाजारात जा

निघण्यापूर्वी मुंबईत एक चक्कर होत असेल तर फोर्टमधील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय पाहून घ्या. 2004 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात प्राचीन नाण्यांपासून आजच्या नोटांपर्यंतचा प्रवास समजतो. मस्कतमध्ये राजवाड्यासमोरच्या राष्ट्रीय संग्रहालयात चलनाचे स्वतंत्र दालन आहे. जुन्या मस्कतमधील बैत अल झुबैर या खाजगी संग्रहालयातही नाणी आहेत. नातलग शारजा-दुबईला असतील तर शारजाच्या इस्लामी संस्कृती संग्रहालयात दिनार आणि दिरहम पाहायला मिळतील.

इथे आपल्या मुलांना एक सवलत आहे, जी युरोपातून आलेल्या बहुतेक प्रवाशांना नसते. त्यांना अरबी अक्षरे ओळखता येतात. खलीफा अब्दुल मलिक यांनी हिजरी 77 मध्ये नाण्यांवरील चित्रे काढून फक्त अक्षरांचा दिनार पाडला. त्याचे वजन सुमारे सव्वाचार ग्रॅम. दोन वर्षांत चांदीचा दिरहमही तसाच झाला. या दिरहमच्या एका बाजूला मध्यभागी कलिम्याचे शब्द असतात, दुसऱ्या बाजूला सूरह इखलासचे. कडेने बिस्मिल्लानंतर हा दिरहम कोणत्या शहरात आणि कोणत्या साली पाडला ते लिहिलेले असते. लिपी कूफी आहे आणि नुक्ते नाहीत, म्हणून सुरुवातीला अक्षर लागत नाही. पण मुलाला सांगा, ‘अल्लाह’ हा शब्द शोध. तो सापडला की शेजारचा सापडतो. मदरशात गिरवलेली अक्षरे तेराशे वर्षांपूर्वीच्या चांदीवर वाचता आली, तर तो दिवस मूल विसरणार नाही.

बाजारातला मोठा चांदीचा रुपया

मत्राहचा बाजार समुद्राला लागूनच आहे. दुपारी दुकाने बंद असतात, म्हणून सकाळी किंवा असरनंतर जावे. शुक्रवारी सकाळी जाऊ नये. चांदीचे दागिने आणि खंजर विकणाऱ्या दुकानांत जुन्या नोटा आणि नाण्यांचे ताट मांडलेले दिसते. निझवाच्या बाजारातही ती मिळतात.

ताटात सगळ्यांत मोठे दिसते ते ऑस्ट्रियाच्या राणीचे, मारिया तेरेझाचे नाणे. राणी 1780 मध्ये वारली. पण अरब व्यापाऱ्यांचा विश्वास त्याच छापावर बसला होता, त्यामुळे पुढे दीडशेहून अधिक वर्षे अनेक देशांच्या टांकसाळींनी 1780 हेच साल घालून ती नाणी पाडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही पाडली. म्हणून दुकानदार ‘अडीचशे वर्षांपूर्वीचे’ म्हणाला तरी त्या सालाची किंमत देऊ नका. वजन मात्र पाहा. खरे नाणे 28 ग्रॅमच्या किंचित वर भरते, रुंदी चार सेंटिमीटरला जराशी कमी असते, आणि कडेवर लॅटिन अक्षरे उठलेली असतात. अशी नाणी तिथल्या स्त्रियांच्या हारांतही ओवलेली दिसतात. कडी जोडलेले नाणे दागिना म्हणून सुंदर असते, पण संग्रहासाठी त्याचे मोल कमी होते. आणि घरी आणल्यावर चिंच किंवा पावडर लावून नाणे चमकवू नका. त्याने झिजते ते परत येत नाही.

हज नोटांना संग्राहकांकडून मोठी किंमत येते, त्यामुळे नकलाही होतात. जाणकार सोबत नसेल तर ती बाजारात घेऊच नये.

जे घेऊ नये

कोणी बाजूला बोलावून रुमालातून मातीने माखलेले दिरहम काढून दाखवले, तर सलाम करून पुढे चालू लागा. ओमानच्या 2019 च्या वारसा कायद्यानुसार पुरातन वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. पकडले गेल्यास ज्या मुलाच्या नोकरीवर घर चालते त्याच्यावरच बालंट येते.

कायद्याच्या पलीकडेही एक गोष्ट आहे. जमिनीत सापडलेल्या ज्या धनावर इस्लामच्या खुणा आहेत, ते फुकहांनी ‘लुक्ता’ म्हणजे कोणाच्या तरी हरवलेल्या मालासारखे मानले आहे. ज्यावर कलिमा लिहिलेला आहे तेच नाणे चोरवाटेने घरी आणायचे, यात बरकत कुठून येणार?

तीच काळजी इकडून जाताना घ्यावी. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे ही पुरावस्तू आहे, आणि ती देशाबाहेर नेण्याची खाजगी व्यक्तीला मुभा नाही. पंचम जॉर्जच्या सुरुवातीच्या काळातील चांदीचे रुपयेही आता या मर्यादेत येतात. ‘तिकडे भाव चांगला येईल’ म्हणून आजीचे रुपये बॅगेत टाकू नका.

व्यवहार आणि जकात

चांदी-सोन्याचे नाणे उधारीवर घेऊ नये. पैसे जागेवर द्यावेत, नाणे जागेवर घ्यावे. पावती मागावी, त्यावर नाण्याचे नाव आणि वजन लिहून घ्यावे. परतताना कस्टमपुढे तीच कामी येते.

संग्रह हौसेचा असला तरी त्यातली चांदी आणि सोने जकातीच्या हिशेबात धरावे लागते. चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे आहे. मारिया तेरेझाच्या एका नाण्यात सुमारे 23 ग्रॅम शुद्ध चांदी असते, म्हणजे सत्तावीस नाण्यांतच निसाब भरतो. घरात दागिने असतील तर त्याहून आधी. हिशेब धातूच्या वजनाचा की बाजारभावाचा, आणि दागिने त्यात धरायचे की नाही, हे आपल्या मसलकच्या आलिमांना विचारून ठरवावे.

पहिल्या खेपेला एकच नाणे घ्या, आणि तेही मुलाला निवडू द्या. वहीत त्याच्याकडूनच लिहून घ्या: कुठे घेतले, किती बैसांना, वजन किती, त्यावर काय लिहिले आहे. आणि त्याखाली, आपल्या घरातून पहिल्यांदा मस्कतला कोण गेले आणि कोणत्या साली. हे शेवटचे उत्तर घरातल्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक असेल. ती आहेत तोवर विचारून घ्या.