आधी घासा, मग फासा!

“त्यात काय, वरून रबर फासलं की झालं!” हे वाक्य माझंच आहे. त्यामुळे या लेखात शिव्या खायच्या असतील तर पहिल्या मलाच. (शिक्षण कॉन्व्हेंटचं, शुद्धलेखन संपादकांच्या हवाली.)

आमचं घर रत्नागिरीत, समुद्रापासून चालत दहा मिनिटांवर. बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या बिडाच्या सहा प्लेट्स माळ्यावर पडून होत्या. त्या काढून मी व्यायाम सुरू केला. हो, मुलीही वजनं उचलतात, पुढे वाचा. खारी हवा आणि त्यात कोकणातला पाऊस! प्लेटला हात लावला की तळवा तांबडा आणि मग भिंतीवर माझ्या बोटांचे ठसे. दुकानात रबर चढवलेल्या प्लेट्सचा भाव विचारला आणि गुपचूप घरी आले. मग मे महिन्यात लिक्विड रबरचा डबा आणला, प्लेट्स फडक्याने पुसल्या आणि ब्रशने एकच जाड थर मारला. काय दिसत होत्या! एकदम फॉरेन.

गणपतीत घरी आले तर प्लेट्सना फोड. एक फोड नखाने उचकटला, आत ओला गंज. रबराबरोबर लोखंडाची खपलीही हातात आली. बाबा काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं. ‘5’चा आकडा नेहमीसारखा अंगठ्याने चाचपला आणि प्लेट खाली ठेवली.

गंमत म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन मिळून गंज होतो, मीठ असलं की काम फास्ट. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून वरचा थर उचलला जातो. फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या पेपरात लिहून मार्क्ससुद्धा घेतलेत. पण पेपरात लिहिणारी मी आणि ब्रश धरणारी मी यांची ओळखच नव्हती! माझं स्पष्ट मत आहे की आपण कोटिंगच्या प्रेमात पडतो आणि घासायचा कंटाळा करतो. गंजावर रबर लावणं म्हणजे चोराला आत ठेवून कुलूप लावणं.

दिवाळीच्या सुट्टीत परत बसले. जुनं रबर खरवडलं. वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, धातू चमकेपर्यंत. एका प्लेटला पूर्ण दुपार गेली. थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात दिला, कारण आमच्या हवेत उघडं लोखंड रात्रभर ठेवायची सोय नाही. प्रायमर पूर्ण वाळल्यावर रबराचे पातळ थर, प्रत्येक थर वाळू देऊन. मधल्या भोकात कागदाची गुंडाळी घातली, नाहीतर रॉड आत जात नाही (पहिल्या वेळचा अनुभव!). वजन बदलतं का? पाच किलोच्या प्लेटचं क्षेत्रफळ साधारण 700 चौ. सेंमी. अर्धा मिलिमीटर थर धरला तर 35 घनसेंमी, म्हणजे 35 ग्रॅमच्या आसपास. एक टक्काही नाही. मनाला लावून घेऊ नका.

एक गैरसमज मात्र काढून टाका. या थराने लोखंड वाचतं, फरशी नाही. कारखान्यात साच्यात घालून चढवलेलं जाड रबर वेगळं आणि आपलं हे वेगळं. खालच्या मजल्यावरच्या काकूंचं डोकं वाचवायचं असेल तर जाड रबरी मॅटच घ्या.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. डब्यातल्या सॉल्व्हंटची वाफ पेट घेते. मे महिन्यात मी देवघराशेजारच्या खोलीत, खिडक्या लावून रंगवत होते. तिन्हीसांजेला आई दिवा लावायला काडेपेटी घेऊन आली, वासाने थबकली आणि ओरडली म्हणून बरं. कसली इंजिनिअर मी! आता काम अंगणात, वाऱ्यावर आणि दिवसाउजेडी.

चार प्लेट्स झाल्यात. बाबांनी परवा एक उचलली, आकडा चाचपला आणि म्हणाले, “लागतोय अजून हाताला.” उरलेल्या दोन पुढच्या सुट्टीत. तोवर वायर ब्रश हॉस्टेलवर माझ्याकडे आहे. कुणाला हवा असेल तर लेडीज हॉस्टेलच्या गेटवर निरोप ठेवा. परत मात्र आणून द्या.