सत्र पद्धत नको, असे कुणी म्हटले?

‘विद्यार्थ्यांना अभ्यासच नको, म्हणून सत्र पद्धतीला विरोध’ हे ‘लोकमानस’ या वाचकपत्रांच्या सदरातले पत्र वाचून वाईट वाटले. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना वार्षिक परीक्षा परत नको आहे. वर्षभराचा अभ्यासक्रम मार्चमधल्या तीन तासांत ओतण्यापेक्षा तो दोन भागांत विभागलेला बरा, हे आम्हालाही कळते. तक्रार अंमलबजावणीची आहे.

मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून पदवीला श्रेयांकाधारित सत्र पद्धत लागू केली, तेव्हा ६० गुण लेखी परीक्षेला आणि ४० अंतर्गत मूल्यमापनाला होते. कल्पना उत्तमच. पण शंभरावर मुलांच्या वर्गात, तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाने प्रत्येकाचा प्रकल्प मनापासून तपासायचा कसा? मग प्रकल्प एकमेकांचे उतरवले जातात आणि गुण सरसकट मिळतात. यात खरे नुकसान मेहनती मुलांचे होते. त्यात प्रवेश लांबले की पहिल्या सत्राला जेमतेम अडीच महिने उरतात. शिवाय गणपती, दिवाळी. नोकरी करून शिकणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका.

निकालांचे काय? महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. प्रत्यक्षात तो लांबतो. आधीच्या सत्राचा निकाल हाती नसताना पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायला लागतो, तेव्हा राहिलेल्या विषयाची तयारी करायची की नाही, हेच समजत नाही.

पत्रलेखकांनी आम्हाला आळशी ठरवण्याआधी एखाद्या महाविद्यालयात जाऊन रिकाम्या प्राध्यापकपदांची चौकशी करावी, ही विनंती.

– कला शाखेची एक विद्यार्थिनी, कर्जत