आधी डायोड, मग ड्रायव्हर, शेवटी सेल

कोपरहून एका वाचकाचे पत्र आले आहे. जुन्या डीव्हीडी रायटरमधून काढलेला लाल लेसर डायोड, ऑनलाइन मागवलेला बूस्ट ड्रायव्हर आणि पूर्ण भरलेला एक १८६५० लिथियम सेल, अशी त्यांची जोडणी. बटण दाबताच लख्ख उजेड पडला आणि दुसऱ्याच क्षणी उरला तो एलईडीसारखा मिणमिणता ठिपका. सोल्डरचे डाग नीट बसलेले होते, प्लस-मायनसही बरोबर होते. मग डायोड का उडाला, असे ते विचारतात.

बूस्ट ड्रायव्हर व्होल्टेज फक्त चढवतो. उतरवणे त्याला जमत नाही. लाल डायोडला २५० मिलिअँपिअरवर पावणेतीन-तीन व्होल्ट पुरतात, तर भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो. चढवायला काही उरलेच नाही की ड्रायव्हरचा लगाम सुटतो आणि सेलचा करंट कॉइलमधून थेट डायोडवर जाऊन आदळतो. ड्रायव्हर खराब नव्हता, सेलही चांगला होता. त्या डायोडसाठी ती जोडीच चुकीची होती.

आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचे मूळ याच जागी सापडते. हाताशी एक सेल असतो, टॉर्चच्या नळीत तो बसतो, म्हणून त्यावर चालणारा ड्रायव्हर घेतला जातो आणि डायोड सगळ्यात शेवटी येतो. वीज सेलकडून डायोडकडे वाहते हे खरे, पण निवड मात्र उलट दिशेने व्हायला हवी.

लेसर डायोड करंटवर चालतो. ठरावीक करंटच्या खाली तो साधा दिवा असतो. ती पातळी ओलांडली की करंटबरोबर प्रकाश सरळ रेषेत वाढत जातो. व्होल्टेज मात्र जेमतेम हलतो. याचाच अर्थ असा की व्होल्टेजमध्ये जराशी वाढ झाली तरी करंट भरमसाट वाढतो. म्हणून पहिला आकडा कागदावर मांडायचा तो डायोडचा करंट, दुसरा त्या करंटला पडणारा व्होल्टेज. लालसाठी अडीच ते तीन व्होल्ट धरा, ४४५ नॅनोमीटरच्या निळ्यासाठी चार ते पाच.

लाल डायोडला एलएम३१७ हा रेग्युलेटर आयसी अजूनही पुरेसा आहे. १.२५ व्होल्टला हव्या त्या करंटने भागा: २५० मिलिअँपिअरसाठी ५ ओहमचा, अर्ध्या वॉटचा रेझिस्टर. आयसीला स्वतःचे दीड-पावणेदोन आणि रेझिस्टरचे सव्वा, असे मिळून तीनेक व्होल्ट वर लागतात. म्हणजे एकूण सहाच्या आतबाहेर. मालिकेतले दोन लिथियम सेल ८.४ पासून सुरू होतात आणि सहापर्यंत साथ देतात. एक लक्षात ठेवा: टीओ-२२० पॅकेजमध्ये एलएम३१७ ची धातूची पाठ म्हणजे त्याचे आउटपुट. काही डायोडचे कवचही एका पायाशी जोडलेले असते. दोघांना एकाच हीटसिंकवर बसवताना मधे अभ्रकाची चकती नसेल, तर गणित बरोबर असूनही डायोड जाईल.

निळ्याचा हिशेब वेगळा. १ अँपिअर आणि साडेचार व्होल्ट धरले तर एलएम३१७ ला साडेसातच्या वर व्होल्ट हवेत, म्हणजे दोन सेल अर्धे उतरण्याच्या आतच नियमन ढासळते. इथे दोन सेलवर व्होल्टेज उतरवणारा बक ड्रायव्हर किंवा एका सेलवर बूस्ट हे दोनच मार्ग. बूस्टला दोन सेल लावाल तर कोपरच्या डायोडची गत होईल.

सेलची पाळी आता येते. साडेचार वॉट डायोडला द्यायचे आणि ड्रायव्हरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सेलमधून ५.३ वॉट निघतात. सेल भरलेला असताना हा करंट सव्वा अँपिअर होतो. तो तीन व्होल्टवर आला की पावणेदोनच्या वर. सेल जितका थकेल तितका ड्रायव्हर त्याला जास्त पिळतो. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा अंतर्गत रोधच एखाद-दीड ओहमचा. तिला या कामातून वगळा. १८६५० वर ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेले दिसले तर दुकानातून बाहेर पडा. नामांकित कंपन्यांचे या आकाराचे सेल साधारण ३५०० च्या आसपास थांबतात. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जाल तेव्हा खिशात छोटा वजनकाटा ठेवा: अस्सल सेल ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो.

खरा डायोड जोडण्याआधी डमी लोडवर चाचणी घ्याच. लालसाठी १एन४००७ चे तीन डायोड आणि १ ओहम मालिकेत. निळ्यासाठी १एन५४०८ चे चार आणि १ ओहम, किमान दोन वॉटचा. रेझिस्टरवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. चाचणीनंतर सेल काढा आणि ड्रायव्हरचे आउटपुट शॉर्ट करून कपॅसिटर रिकामा करा. नाहीतर त्यात साठलेला चार्ज जोडताक्षणी डायोडचा बळी घेतो. स्थिर वीजही डायोड मारते, पण खाडीकाठच्या दमट हवेत तिचा त्रास फारसा जाणवत नाही, म्हणून मनगटपट्टा आपण खुंटीला टांगतो. एसी लावलेल्या खोलीत तीच सवय महाग पडते.

आणि डोळे. डीव्हीडी रायटरचा डायोड २०० मिलिवॉटच्या घरात प्रकाश देतो. ५ ते ५०० मिलिवॉट हा वर्ग ३ब, त्यापुढे वर्ग ४. या ताकदीपुढे पापणी मिटण्याचा वेग अपुरा पडतो. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमध्ये लेसर झोतांमुळे तरुणांच्या दृष्टिपटलाला इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले; २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी गणेशोत्सवात लेसर झोतांवर बंदी घातली. घरी लेसर बांधणाऱ्याकडेही लोक आता संशयाने पाहतील, आणि तो संशय निराधार ठरवणे आपल्याच हाती आहे. निळ्या लेसरसाठीचा नारिंगी संरक्षक चष्मा लाल किरण अडवत नाही, एवढेही अनेकांना ठाऊक नसते.

म्हणून पुढच्या अंकापासून लेसरची जोडणी छापायला पाठवताना तीन गोष्टी सोबत हव्यात: डायोडचा ठरवलेला करंट, सेल भरलेला आणि उतरलेला असताना डमी लोडवर मोजलेले आकडे, आणि वापरलेल्या चष्म्याची तरंगलांबी व ऑप्टिकल डेन्सिटी. यातले एक जरी नसेल, तर जोडणी कितीही सुबक असो, ती परत पाठवली जाईल.